मेदूझा ओळखावी कशी? जेलीफिशचे वर्ग आणि त्यांचा धोका

जून महिना संपत आला की अश्दोद, अश्केलोन, नेतान्या, हैफा या किनाऱ्यांवर एकच प्रश्न ऐकू येतो, "आज पाण्यात मेदूझा आहेत का?" शाळांना सुट्टी लागलेली असते, उन्हाचा तडाखा असतो आणि नातवंडांना समुद्र खुणावत असतो. अशा वेळी घरातील मोठी माणसे जो सल्ला देतात, तो बहुधा त्यांनी लहानपणी ऐकलेला असतो. कोणी सांगते व्हिनेगर लावा, कोणी सांगते ओली वाळू चोळा, तर कोणी याहून चमत्कारिक उपाय सुचवते. सल्ला मायेचा असतो. परंतु तो बरोबर की चूक, हे एकाच गोष्टीवर ठरते. चावली ती मेदूझा कोणत्या जातीची?

ऑस्ट्रेलियात ज्या व्हिनेगरने जीव वाचण्यास मदत होते, तेच व्हिनेगर अश्दोदच्या किनाऱ्यावर दुखणे वाढवू शकते. म्हणून मेदूझांचे वर्गीकरण केवळ परीक्षेपुरते पाठ करण्याची गोष्ट नव्हे. ते समजून घेतले तर धोका कोठे आहे आणि कोठे उगाच भीती आहे, हे कळते.

मासा नव्हे

इंग्रजी नावामुळे मराठीतही 'जेलीफिश' हा शब्द रूढ झाला, पण हा प्राणी मासा नाही. माशाला पाठीचा कणा असतो, कल्ले असतात. कोकणात वाढलेल्या बेने इस्राएल घरांत मासळी घेताना पर आणि खवले पाहण्याची रीत लहान मुलालाही ठाऊक असते. त्या कसोटीवर मेदूझा पहिल्याच पायरीवर नापास होते. तिला पर नाहीत, खवले नाहीत, हाडे नाहीत. मेंदू नाही, हृदय नाही, रक्तही नाही. शरीरात शंभरातील सुमारे पंच्याण्णव भाग पाणीच असते. म्हणूनच वाळूवर पडलेली मेदूझा उन्हात थोड्याच वेळात सुकून पातळ पापुद्र्यासारखी होते.

तिच्या शरीराचा मुख्य भाग छत्रीसारखा असतो. छत्री आकुंचन पावते, पाणी मागे ढकलले जाते आणि प्राणी पुढे सरकतो. छत्रीच्या खाली मधोमध तोंड असते. अन्न त्याच वाटेने आत जाते आणि उरलेला टाकाऊ भाग त्याच वाटेने बाहेर पडतो. काही जातींत छत्रीच्या कडेला लांब धाग्यांसारखी शुंडके लोंबतात, तर काहींत तोंडाभोवतीचे जाड हात खाली लोंबत असतात. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे ओळख पटवताना तो उपयोगी पडतो.

'मेदूझा' हे हिब्रूतील नाव ग्रीक कथांतून आलेले आहे. त्या कथांतील मेदूसा नावाच्या स्त्रीच्या डोक्यावर केसांऐवजी साप वळवळत असत. लोंबणारी शुंडके पाहून स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांना तिची आठवण झाली असावी. १७५८ साली त्यांनी प्राण्यांची जी मोठी यादी छापली, तीत या प्राण्यांना 'मेदूसा' असेच नाव दिले.

दंश कसा होतो?

मेदूझा दातांनी चावत नाही आणि विंचवासारखी नांगीही मारत नाही. तिच्या शुंडकांवर हजारो सूक्ष्म दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक इवलीशी कुपी असते. कुपीत पोकळ धागा स्प्रिंगसारखा गुंडाळून ठेवलेला असतो आणि भोवती विष असते. भक्ष्याचा स्पर्श झाला की कुपीचे झाकण उघडते, धागा उलटून बाहेर येतो, कातडीत घुसतो आणि विष आत सोडतो. गोड्या पाण्यातील हायड्रा या नातेवाईक प्राण्यावर झालेल्या अभ्यासात दिसले, की धागा सुटण्याची पहिली क्रिया सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात होते. प्राणिसृष्टीतील अतिशय वेगवान हालचालींत तिची गणना होते.

येथे दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली ही, की कुपी उघडण्यासाठी मेदूझेच्या इच्छेची गरज नसते. त्यामुळे किनाऱ्यावर मरून पडलेली मेदूझा, किंवा तुटून पाण्यात तरंगणारा शुंडकाचा तुकडाही दंश करू शकतो. दुसरी ही, की कातडीला शुंडके चिकटते तेव्हा सगळ्याच कुप्या एकदम फुटत नाहीत. पुष्कळशा न फुटता तशाच राहतात. प्रथमोपचाराचा सारा हेतू या उरलेल्या कुप्या फुटू न देता काढून टाकणे हाच असतो. चोळले, घासले, किंवा नळाचे गोडे पाणी ओतले, तर त्या फुटतात आणि वेदना वाढते.

नाव आणि आडनाव

वर्गीकरण म्हणजे काय, हे आपल्या आडनावांवरून सहज समजते. पेणचा तो पेणकर, नवगावचा तो नवगावकर, किहीमचा तो किहीमकर. आडनावावरून मूळ गाव कळते आणि नावावरून माणूस कळतो. शास्त्रातही प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव असते. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी आणि नाव मागाहून लिहितात, तशीच ही पद्धत आहे. अनेक वंश मिळून एक कुल, अनेक कुले मिळून एक गण, गणांचा वर्ग आणि वर्गांचा संघ, अशी ही उतरंड असते.

मेदूझांचा संघ कोणता हे ठरायला शंभराहून अधिक वर्षे लागली. लिनियस यांनी त्यांना कृमींच्या मोठ्या गटात टाकले होते. त्यांचे शिष्य पीटर फोर्सकाल हे डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत सामील झाले. त्यांनी तांबड्या समुद्रातील अनेक प्राण्यांची वर्णने लिहिली, पण १७६३ साली येमेनमध्ये तापाने त्यांचा मृत्यू झाला. मोहिमेतील एकेक माणूस दगावत गेला आणि कार्स्टन नीबूर तेवढे वाचले. ते येमेनहून जहाजाने मुंबईला पोहोचले आणि वर्षभराहून अधिक काळ तेथे राहिले. मायदेशी परतल्यावर त्यांनी फोर्सकाल यांचे लिखाण १७७५ साली छापून घेतले. एलातच्या समुद्रात आजही दिसणारी 'आंद्रोमेदा' नावाची मेदूझा त्याच पुस्तकामुळे शास्त्राला माहीत झाली.

पुढे एक गंमतीचा घोटाळा झाला. नॉर्वेचे मिखाएल सार्स यांना समुद्रतळाला चिकटलेले दोन लहान प्राणी सापडले आणि त्यांनी दोघांना दोन वेगळी नावे दिली. काही वर्षे निरीक्षण केल्यावर सार्स यांनाच उमगले, की हे वेगळे प्राणी नसून एकाच मेदूझेच्या बाल्यावस्था आहेत. मेदूझेच्या अंड्यातून बारीक अळी निघते. ती दगडाला, शिंपल्याला किंवा बंदराच्या भिंतीला चिकटते आणि तिचे लहानशा फुलासारखे रूप होते. या रूपाला पॉलिप म्हणतात. पॉलिपच्या अंगावर आडव्या रेघा पडतात आणि एकावर एक ठेवलेल्या बशांसारखा तो दिसू लागतो. मग एकेक बशी सुटून पोहत निघते. तीच मोठी होऊन मेदूझा होते. एका पॉलिपपासून अशा अनेक मेदूझा होतात. एखाद्या आठवड्यात समुद्र रिकामा आणि पुढच्या आठवड्यात मेदूझांनी भरलेला, असे का होते याचे एक कारण येथेच आहे.

१८४७ साली जर्मनीचे रुडोल्फ लॉयकार्ट यांनी मेदूझा, प्रवाळ आणि त्यांच्यासारख्या पोकळ शरीराच्या प्राण्यांचा स्वतंत्र संघ केला. १८८८ साली बर्थोल्ड हाचेक यांनी त्यातून दंशपेशी असलेले प्राणी वेगळे काढले. या संघाला आता निडारिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खाजकुयलीसारखी आग करणारी वनस्पती असा आहे. या संघात दहा हजारांहून अधिक जाती आहेत. प्रवाळ आणि समुद्रफुलेही यातच येतात, पण त्यांना छत्रीचे रूप कधीच नसते. छत्रीचे रूप ज्यांच्यात आढळते, त्यांचे चार वर्ग मानतात.

पहिला वर्ग: खऱ्या मेदूझा

या वर्गाचे शास्त्रीय नाव स्कायफोझोआ. किनाऱ्यावर सामान्य माणसाला दिसणाऱ्या मोठ्या मेदूझा बहुधा याच वर्गातल्या असतात. जाती दोनशेच्या वर आहेत आणि त्यांचे तीन गण आहेत.

एका गणात छत्रीच्या कडेला शुंडके असतात आणि तोंडाभोवती झालरीसारखे हात असतात. चंद्रासारखी पांढुरकी, आत चार गोल कडी दिसणारी 'ऑरेलिया' या गणातली. तिचा दंश बहुतेकांना जाणवतही नाही. त्याच गणातील 'सायनिया' मात्र थंड उत्तर समुद्रात राहते. तिची छत्री दोन मीटरपर्यंत रुंद आणि शुंडके तीस मीटरांहून लांब होऊ शकतात. तिचा दंश चांगलाच झोंबतो. भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात सुट्टीला जाणाऱ्यांना 'पेलागिया' भेटते. ती लहान, गुलाबी-जांभळी असते, रात्री डिवचली तर चमकते आणि तिचा दंश त्रासदायक असतो.

दुसऱ्या गणात कडेला शुंडके नसतात. तोंडाजवळचे आठ जाड हात एकमेकांना जुळलेले असतात आणि एका तोंडाऐवजी हातांवर असंख्य बारीक छिद्रे असतात. इस्राएलच्या किनाऱ्यावरील प्रसिद्ध मेदूझा याच गणातली आहे. तिसऱ्या गणातील बहुतेक जाती खोल समुद्रात राहतात आणि पोहणाऱ्यांच्या वाटेला जात नाहीत.

दुसरा वर्ग: पेटीसारख्या मेदूझा

क्युबोझोआ हा वर्ग लहान आहे. जाती सुमारे पन्नास. १९७० च्या दशकापर्यंत त्यांना पहिल्या वर्गातच धरत असत. जर्मनीचे बर्नहार्ड वेर्नर यांनी त्यांचे पॉलिप तपासले. त्यांना दिसले, की यांच्या पॉलिपच्या बशा सुटत नाहीत, संपूर्ण पॉलिपचेच रूपांतर एका मेदूझेत होते. म्हणून त्यांचा वर्ग वेगळा केला गेला.

यांची छत्री गोल नसून चौकोनी पेटीसारखी असते आणि शुंडके चार कोपऱ्यांतून निघतात. छत्रीच्या चार बाजूंना मिळून चोवीस डोळे असतात. त्यांतील काहींना आपल्या डोळ्यांप्रमाणे भिंग असते. या मेदूझा प्रवाहाबरोबर नुसत्या वाहत नाहीत. त्या जोराने पोहतात आणि अडथळे चुकवतात.

जगातील सर्वांत धोकादायक मेदूझा याच वर्गात आहे. तिचे नाव कायरोनेक्स फ्लेकेराय. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर ती आढळते. तिला साठपर्यंत शुंडके असतात आणि ती तीन मीटर लांब होतात. मोठ्या प्रमाणात दंश झाला तर काही मिनिटांत हृदय बंद पडू शकते. ऑस्ट्रेलियात तिच्यामुळे साठाहून अधिक मृत्यू नोंदले गेले आहेत. १९५५ साली क्वीन्सलँडमध्ये एका पाच वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्यानंतर त्या पाण्यातून पकडलेल्या मेदूझांमध्ये ही जात सापडली आणि केर्न्सचे डॉक्टर ह्यूगो फ्लेकर यांच्यावरून तिचे नाव ठेवले गेले. तिच्या विषावर उतारा १९७० पासून मिळू लागला. तेथील किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, कारण या वर्गाच्या न फुटलेल्या कुप्या व्हिनेगरने निकामी होतात.

याच वर्गातील 'इरुकांजी' तर नखाएवढी असते. छत्री जेमतेम एक सेंटिमीटर. दंश झाला तेव्हा किरकोळ वाटतो. अर्ध्या तासाने कंबर भयंकर दुखू लागते, उलट्या होतात, रक्तदाब चढतो. हे कोणामुळे होते, ते बराच काळ कळत नव्हते. १९६१ साली जॅक बार्न्स या डॉक्टरांनी ही बारीक मेदूझा पकडून स्वतःला, आपल्या लहान मुलाला आणि एका तरुण जीवरक्षकाला दंश करवून घेतला. तिघांनाही रुग्णालयात न्यावे लागले आणि गुन्हेगार सापडला. तिचे शास्त्रीय नाव आता कारुकिया बार्नेसाय आहे. मुलावर असा प्रयोग करण्याची परवानगी आज कोणीही देणार नाही आणि तेच योग्य आहे.

भूमध्य समुद्रातही या वर्गाची एक लहान जात राहते. तिचा दंश दुखतो, पण ऑस्ट्रेलियातील जातींसारखा जिवावर बेतणारा नसतो.

तिसरा वर्ग: हायड्राचे नातेवाईक

शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात हायड्राची आकृती अनेकांनी काढली असेल. त्याच हायड्रोझोआ वर्गात साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांतील पुष्कळांच्या मेदूझा अगदी लहान, काचेच्या टिकलीएवढ्या असतात.

परंतु या वर्गात एक मोठी फसवी मंडळी आहे. मुंबईकर तिला 'ब्लू बॉटल' म्हणून ओळखतात. पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, वारा तिला जुहू आणि गिरगावच्या चौपाटीवर लोटतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत शंभरावर लोकांना तिचे दंश झाले. निळसर फुगा वाळूवर चकाकत असतो आणि मुले तो खेळणे समजून उचलायला जातात. तिचे शास्त्रीय नाव फायसालिया.

फायसालिया ही एक मेदूझा नव्हे, ती वसाहत आहे. फुगा हा एक घटक, अन्न पचवणारे घटक निराळे, दंश करणारे निराळे, प्रजोत्पादन करणारे निराळे. एकाच अंड्यापासून सारे निर्माण झाले, पण कामे वाटून घेतलेली. एकत्र कुटुंबात एकाने बाजार आणावा, एकाने रांधावे, तसेच. फरक इतकाच, की येथे कोणी वेगळे बिऱ्हाड करू शकत नाही. तिची शुंडके साधारण दहा मीटर आणि क्वचित तीस मीटरपर्यंत लांब असतात. म्हणून फुगा दूर दिसला तरी पोहणारा सुरक्षित असतोच असे नाही. दंशाने चाबकाच्या वळासारखे लाल वळ उठतात. मृत्यू फार क्वचित येतो, पण वेदना तीव्र असते. अनेक वर्षे फायसालियाची एकच जात मानत असत. २०२५ साली संशोधकांनी तिच्या चार जाती असल्याचे दाखवले. वर्गीकरणाचे काम अजून संपलेले नाही, याचा हा ताजा पुरावा.

एलातला जाणाऱ्यांनी आणखी एक नातेवाईक ओळखून ठेवावा. प्रवाळांमध्ये पिवळसर-तपकिरी, टोके पांढरी असलेल्या फांद्या दिसतात. त्यांना 'अग्निप्रवाळ' म्हणतात. ते खरे प्रवाळ नसून हायड्रोझोआच आहेत. हात लागला तर भाजल्यासारखी आग होते.

चौथा वर्ग: देठाच्या मेदूझा

स्टॉरोझोआ हा वर्ग २००४ साली वेगळा झाला. यांच्या सुमारे पन्नास जाती असून त्या बहुधा थंड समुद्रात, देठाने दगडाला किंवा समुद्रशेवाळाला चिकटून राहतात. माणसाला त्यांच्यापासून धोका नाही.

इस्राएलच्या किनाऱ्यावर कोण?

येथे मुख्य मेदूझा म्हणजे 'हूतीत नोदेदेत'. हिब्रूत 'हूत' म्हणजे धागा आणि 'नोदेदेत' म्हणजे भटकी. शास्त्रीय नाव ऱ्होपिलेमा नोमॅडिका, म्हणजेही भटकीच. १८६९ साली सुएझ कालवा उघडला आणि तांबड्या समुद्रातील अनेक प्राण्यांना भूमध्य समुद्राची वाट मिळाली. ही मेदूझा १९७० च्या दशकात येथे प्रथम दिसली. १९९० साली बेल्ला गलील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला रीतसर नाव दिले. म्हणजे ती येथे आली आधी आणि तिची नोंद झाली नंतर. बाहेरून आलेल्यांच्या बाबतीत असे व्हायचेच.

तिची छत्री फिकट निळसर असते आणि रुंदी काही वेळा ऐंशी सेंटिमीटरपर्यंत जाते. वजन दहा किलोपर्यंत असू शकते. छत्रीवर बारीक गोल उंचवटे असतात. खालच्या हातांपासून लांब धागे लोंबतात. याच धाग्यांवरून तिला 'हूतीत' म्हणतात. तिचे थवे मुख्यतः जून-जुलैत येतात आणि हिवाळ्यातही कधी कधी येतात. दंशाने लगेच आग होते, लाल रेघा किंवा फोड उठतात, खाज सुटते. बहुतेकांना काही तासांत किंवा दिवसांत बरे वाटते, पण खुणा काही वेळा आठवडेभर किंवा अधिक राहतात. क्वचित ताप येतो किंवा अंग मोडून येते.

तिचा त्रास पोहणाऱ्यांपुरता नाही. हदेरा आणि अश्केलोन येथील वीजकेंद्रे यंत्रे थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेतात. पाण्याबरोबर मेदूझांचे थवेही येतात आणि जाळ्या बुजतात. मग त्या टनावारी काढून फेकाव्या लागतात. मासेमारांची जाळी जड होतात, आणि जाळी ओढताना हातांना चटके बसतात ते निराळेच. कोकणच्या किनाऱ्यावर कोळ्यांनाही हा अनुभव नवा नाही.

बाकीच्या मेदूझा त्यामानाने सौम्य आहेत. कडेला निळी-जांभळी किनार असलेली, लांब धागे नसलेली 'ऱ्हायझोस्टोमा' ही भूमध्य समुद्रातील मूळची रहिवासी. पांढऱ्या ठिपक्यांची 'फिलोऱ्हायझा' बाहेरून आलेली. तिचा दंश किरकोळ. एलातची 'आंद्रोमेदा' तर छत्री खाली आणि हात वर करून तळाशी पालथी पडून राहते. तिच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते आणि सूर्यप्रकाशात ते तिच्यासाठी अन्न तयार करते. डिवचले तर ती दंशपेशींनी भरलेला चिकट द्रव पाण्यात सोडते. त्यामुळे तिला हात न लावताही अंगाला खाज सुटू शकते.

दिसायला तशा, पण मेदूझा नव्हेत

किनाऱ्यावर कधी कधी काचेच्या लहान पेरूसारखे प्राणी वाहून येतात. त्यांच्या अंगावर कंगव्यासारख्या आठ रांगा असतात आणि प्रकाशात त्यांतून सप्तरंग चमकतात. हे टेनोफोरा नावाच्या वेगळ्या संघातले प्राणी. त्यांना दंशपेशी नाहीत. त्यांतील 'नेमिऑप्सिस' ही अमेरिकेकडील जात जहाजांच्या पाण्यातून काळ्या समुद्रात आली आणि २००९ साली इस्राएलच्या किनाऱ्यावर दिसली. ती माशांच्या अन्नावर घाला घालते, पण माणसाला काही करत नाही. 'साल्प' नावाचे पारदर्शक नळीसारखे प्राणी तर नात्याने मेदूझेपेक्षा आपल्याला जवळचे आहेत. तेही निरुपद्रवी.

दंश झाला तर

इस्राएलच्या भूमध्य किनाऱ्यावर पुढील गोष्टी कराव्यात.

शांतपणे पाण्याबाहेर यावे. दंशाची जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी, नळाच्या पाण्याने नव्हे. चिकटलेले धागे चिमट्याने किंवा कडक कार्डाच्या कडेने हलकेच काढावेत, उघड्या बोटांनी काढू नयेत. वाळू किंवा टॉवेल चोळू नये. व्हिनेगर लावू नये, कारण हूतीतच्या कुप्या व्हिनेगरने फुटतात. लघवी लावणे हा उपाय कोठेच उपयोगाचा नाही. किनाऱ्यावरील मत्सिलला, म्हणजे जीवरक्षकाला, लगेच सांगावे. डोळ्याला दंश झाला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, चेहरा सुजला, उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर वेळ न घालवता मागेन दावीद आदोमला १०१ वर बोलवावे. लहान मुले, वृद्ध आणि हृदयाचा किंवा अ‍ॅलर्जीचा विकार असलेले यांच्या बाबतीत अधिक जपावे.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला किंवा थायलंडला सहलीला जाणाऱ्या तरुणांनी मात्र तेथील सूचना पाळाव्यात. तेथे पेटीसारख्या मेदूझा आहेत आणि तेथे व्हिनेगरच सांगतात. मुंबईत ब्लू बॉटलचा दंश झाला, तर धागे काढून झाल्यावर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे पंचेचाळीस अंश, वीस मिनिटे तो भाग बुडवून ठेवणे उपयोगी ठरते. पाणी आधी दुसऱ्याने हात घालून पाहावे, नाहीतर आगीतून फुफाट्यात पडायचे. जात बदलली की उपायही बदलतो.

विषातून निघालेली विद्या

या प्राण्यांकडे केवळ शत्रू म्हणून पाहणे बरोबर नाही. १९०१ साली मोनॅकोच्या राजपुत्राच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी फायसालियाच्या विषाचा अभ्यास सुरू केला. त्या कामातून पुढे त्यांना तीव्र अ‍ॅलर्जीचा प्रकार कळला आणि रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मधमाशी चावून किंवा शेंगदाणा खाऊन एखाद्याचा घसा का सुजतो, हे समजण्याची सुरुवात तेथून झाली. जपानचे ओसामू शिमोमुरा यांनी एका लहान हायड्रोझोआ मेदूझेतून हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे काढले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींमधील हालचाल पाहण्यासाठी ते वापरतात. त्याबद्दल २००८ साली त्यांना नोबेल मिळाले.

समुद्री कासवांचे तर मेदूझा हे अन्नच आहे. पाण्यात तरंगणारी प्लास्टिकची पिशवी कासवाला मेदूझेसारखी दिसते आणि ती गिळून ते मरते. मिखमोरेत येथील कासवांच्या उपचार केंद्रात जखमी कासवांवर उपचार करून त्यांना परत समुद्रात सोडतात. किनाऱ्यावर पिशवी टाकणारा माणूस मेदूझांचा एक शत्रू कमी करतो, असे म्हटले तरी चालेल.

मेदूझा माणसाच्या आधी पन्नास कोटींहून अधिक वर्षे समुद्रात आहेत. त्या हेतूने कोणावर चालून येत नाहीत. समुद्र त्यांचे घर आहे आणि पोहायला जाणारा त्यांच्या घरी पाहुणा आहे. पाहुण्याने यजमानांची ओळख करून घेऊन जावे. आजीने नातवाला समुद्राकडे नेताना टोपी, पाणी आणि खाऊबरोबर एवढी ओळखही द्यावी. नातवाने घरी येऊन आजीला विचारावे, की कोकणच्या किनाऱ्यावर तुम्ही काय पाहिले होते. तिच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असेल.

वर्गात चर्चेसाठी

१. मेदूझा मासा नाही, हे कोणकोणत्या खुणांवरून सांगता येईल?

२. अश्दोदला व्हिनेगर लावू नये आणि उत्तर ऑस्ट्रेलियात लावावे, असे का?

३. ब्लू बॉटलला 'एक प्राणी' म्हणावे की 'वसाहत'? आपले मत कारणांसह मराठीत सांगा.

४. घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारा: अलिबाग, रेवदंडा, मुरुड किंवा मुंबईच्या किनाऱ्यावर अशा प्राण्यांना कोणत्या नावांनी ओळखत असत? मिळालेली नावे वहीत लिहून आणा. ही नावे छापील पुस्तकांत सापडतीलच असे नाही. ज्यांना ती आठवतात, त्यांच्याकडूनच ती घ्यावी लागतील.